बुधवारी नाही

एर्मिले मामाला आधी सगळंच हवं होतं.
त्बिलिसीचं प्रशस्तिपत्र, एकोणीसशे एकोणऐंशीचं,
कोपरा उंदरांनी कुरतडलेला;
नाट्यगृहात, झाकण उघडलेल्या पियानोशेजारी
पोट आत ओढून उभा असलेला तो;
आईचा फोटो, कुत्र्याचा फोटो,
आणि मागे सरकते ढग,
कारण समोरच्या दंतवैद्याच्या पानावर ते सरकतात.

मी पिठाची कागदी पिशवी फाडून टेबलावर पसरली,
शिसपेन्सिलीने एक चौकट काढली,
चौकटीत वर एक आडवी रेघ.
"इथे नाव."
"आणि खाली?"
"खाली काही नाही. चार बोटं, काहीच नाही."

कुताइसीत पाहुण्यापुढे टेबल मांडतात
तेव्हा ताटांवर ताटं चढतात,
मधून लाकूड दिसलं तर घरच्या बाईला झोप लागत नाही.
मामाने चष्मा कपाळावर ढकलला
आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला,
"त्सिउरी, पोरगी मला जगासमोर उपाशी बसवणार आहे!"
मामी अक्रोड कुटत होती. कुटतच राहिली.

मग म्हणाला, नाव तरी मोठं कर.
आमच्या लिपीत नावासाठी मोठं अक्षर नसतं,
राजा आणि राई एकाच उंचीने सुरू होतात.
नाव मोठं दिसायचं
तर आजूबाजूच्यांनी सरकून बसावं लागतं.
हे मी सांगितलं. त्याला पटलं नाही.
मी तीन रकाने पाडून दाखवले, मग दोन, मग एक.
दर वेळी त्याचं एकच: कुत्रा कुठे गेला?

तिसऱ्या संध्याकाळी मी त्याची चामड्याची पिशवी उघडली.
जुळणीची किल्ली, रबरी पाचर,
आणि तळाशी गुंडाळलेली लाल नमद्याची पट्टी,
घासून घासून केसाळ झालेली.
"ही कशाला?"
विचारायचं म्हणून विचारलं; लहानपणापासून पाहतेय.
"एका सुराच्या तीन तारा," तो म्हणाला.
"तिघी एकदम बोलल्या तर खोटं कोण बोलतंय कळत नाही.
म्हणून दोघींच्या तोंडात नमदा कोंबायचा,
मधली एकटी ऐकायची, आणि मग..."
आणि मग गप्प झाला.
पिठाच्या पिशवीकडे बघत राहिला.
"लबाड आहेस," म्हणाला. कौतुकाने नव्हे.

खोडरबर त्याच्या हाती गेलं तशी मलाच भीती वाटू लागली.
ढग गेले. प्रशस्तिपत्र गेलं.
नाट्यगृह, पोटासकट, गेलं.
आईचा चौकोन त्याने खोडला नाही,
कात्रीने कापून खिशात ठेवला.
उरलं नाव. उरलं, "पियानो जुळवतो."
उरला फोनचा आकडा, जाड ठशात,
कारण गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची
आणि त्यांचा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत.
रंग एकच, नमद्याचा लाल, तोही रेघेपुरता.

"एक ओळ घाल अजून," तो म्हणाला. "बुधवारी नाही."
"का, ते लिहू?"
"बुधवारी नाही. एवढंच."

मामीचं कुटणं थांबलं.
मला माहीत आहे, बुधवारी तो नऊच्या मार्शुत्काने
त्सखालतुबोला जातो, पिशवी घेऊन जातो,
परततो तेव्हा पट्टीला दुसऱ्या घराच्या चुलीचा वास असतो.
याहून जास्त मला माहीत नाही.
मामीला असेल.

फोनखाली ठेवली तर ती ओळ सूचना वाटत होती,
नावाखाली ठेवली तर कबुली.
पहाटे दोनला मी ती डाव्या समासाशी नेली,
बारीक अक्षरात,
आणि तिच्याभोवती सहा बोटं मोकळी सोडली.

सकाळी मामाने पान पाहिलं.
बोटाने वर सरकवायला गेला. सरकेना.
तेवढंच होतं.
"कुत्रा?" त्याने विचारलं.
कुत्रा टेबलाखाली होता.