सतरावा थांबा

सकाळी साडेनऊला, मांडवीच्या काठावर,
मी स्वतःला कानात घातलं आणि निघाले.

"नमस्कार. पणजीत आपलं स्वागत.
जेटीकडे पाठ करून उभे राहा."
राहिले.
अकरा वर्षांपूर्वी एरंडवण्याच्या एका तळघरात
स्वेटर घालून म्हटलेलं हे वाक्य.
तेव्हा ना ही जेटी पाहिली होती, ना ही नदी.
समोर काच, काचेपलीकडे भार्गव टिळेकर
बोटं नाचवत सांगायचा : आवाजात ऊन आण.
आणलं. जरा जास्तच झालं, आता कळतंय.
इथलं ऊन काही बोलत नाही.
रात्रभर जागलेल्या कॅसिनोच्या बोटींवर
ते नुसतं बसून असतं, हिशोब न विचारता.

"उजव्या हाताला पिवळं घर दिसेल."
उजव्या हाताला निळं घर, शिडी, शिडीवर माणूस.
हे पिवळं होतं ना? मी खालून ओरडले.
"तीन रंगांपयलीं," तो म्हणाला,
आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

फोंतेन्याश म्हणताना माझी जीभ चार वेळा घसरली होती,
पाचवा टेक भार्गवने भुकेपोटी ठेवून दिला.
इथली बाई तोच शब्द
गरम पाव कागदातून काढावा तसा काढते.
खिडक्यांना शिंपल्याचे पातळ काप
मी म्हटले होते तसेच आहेत.
पण आत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होतात,
ते संहितेत नव्हतं.

विहिरीवरच्या मातीच्या कोंबड्यापाशी एक जोडपं.
बोलण्यावरून सांगलीकडचं.
एकच इअरफोन, एक टोक त्याच्या कानात, एक तिच्या;
वायर ओढली जाऊ नये म्हणून पावलाला पाऊल.
सप्तपदीतही इतकं जपून चालले नसतील.
मी विचारलं, पाणी कुठे मिळेल हो?
"थांबा जरा," त्याने बोट वर केलं,
"बाई सांगतायत."
थांबले.
बाई सांगत होत्या, चर्चच्या पायऱ्या, पोर्तुगीज काळ,
सगळं कसं खात्रीने.

मळ्यातल्या झऱ्याशी आम्ही तिघं मागेपुढे पोचलो.
थांबा सतरावा.
"इथे दोन मिनिटं काही बोलू नका. फक्त पाणी ऐका."

सोळा आणि सतराच्या मध्ये जेवणाची सुट्टी होती.
डब्यात भेंडी होती.
आणि जिन्यात घेतलेला एक फोन.
परत येऊन मी खुर्ची पुढे ओढली,
घोटभर पाणी प्यायले आणि झरा वाचला.
एका टेकमध्ये.
"मस्त," भार्गव काचेपलीकडून म्हणाला, "एकदम ओलं."

झरा आहे. बारीक आहे.
मी न पाहता म्हटला त्याहून पुष्कळ बारीक.

त्या बाईने कानातलं टोक काढून तळहातावर ठेवलं,
त्याच्याकडे बघत राहिली.
"हिला काहीतरी झालंय हो," ती नवऱ्याला म्हणाली,
"आत्ता, या मधल्या वेळात."
"रेकॉर्डिंग आहे गं ते."
"असू दे. झालंय."
मी पाण्याखाली हात धरला.
मग दुसरा धरला.
अकरा वर्षांत किती लोक इथे उभे राहून गेले असतील,
आणि सांगलीची एक बाई.
सांगावं का तिला? चप्पल ओली झाली होती माझी.
नाही सांगितलं.

"आपला फेरफटका इथे संपतो," जेटीवर मी म्हणाले,
"पलीकडे जायचं असेल तर फेरी आहे,
चालत्या माणसाला तिकीट नाही."
त्याच्यापुढे पानावर काही नव्हतं,
भार्गवने दिवा बंद केला होता, मी रिक्षा पकडली होती,
सरळ दवाखान्यात.

इअरफोन काढून पर्समध्ये टाकले.
फेरीवर सात स्कूटर, पावाची रिकामी टोपली बांधलेली सायकल,
डिझेलचा वास, आणि पाण्यावर इतकं ऊन
की डोळे किलकिले करूनच बघावं.
बेतीच्या काठाबद्दल मला एक वाक्यही येत नाही.
अबोली माळलेल्या एका म्हातारीने
सुंगटांची पाटी पायाने सरकवली.
"बस गो," म्हणाली.