पोळं

आयझेनाखमध्ये पहाटे पावणेसहाला
रोसविथा क्रुमबाइन किल्ली फिरवते
आणि गाडी डरकाळी फोडते.
समोरच्या घरात एकामागून एक तीन दिवे लागतात.

ती ओल्या फरशीवर गुडघे टेकते,
गाडीच्या पोटाखाली टॉर्च धरते:
नळी दोन ठिकाणी कापलेली, काप ताजे, लखलखीत,
मधला वीतभर तुकडा गायब.
तो तुकडा म्हणजे पोळं.

पैशाचा विचार नंतर येतो.
आधी येतो तो पाळीचा:
हे कुणी गुंडाळलं असेल?
सकाळच्या पाळीतल्या येट्टेनं,
की रात्रपाळीला आपणच?

एकवीस वर्षं हेच काम.
केसाइतक्या पातळ पोलादी पट्ट्या,
एक सपाट, एक चुण्यांची,
थरावर थर रचून यंत्राच्या दोन बोटांत द्यायच्या.
यंत्र गिरकी घेतं,
आणि थरांचं वेटोळं होतं, झोपलेल्या सापासारखं.
मग नळकांडं, निकेलची भुकटी, निर्वात भट्टी.
बाराशे अंशांना सांधे एकजीव.
निवल्यावर ती ते खिडकीकडे रोखून डोळ्याशी धरते:
हजारो घरं, घराघरात उजेडाचा एक दाणा.
एखादं घर आंधळं निघालं
तर त्याच्यासाठी सुई आहे,
लाकडी मुठीची, तिनं स्वतः घासून बारीक केलेली.

राणी नाही, मध नाही.
पुढे दुसऱ्या गावात त्यावर लेप चढतो,
चिमूटभर प्लॅटिनम, त्याहून कमी ऱ्होडियम.
चोराला हवी असते तेवढी चिमूट.
तो पोळं चिरडतो, लेप झाडून घेतो,
आणि तिचे ते हजारो दाणे
भंगाराच्या ढिगात
चुरगळलेल्या कागदासारखे.

आणखी एक गोष्ट तिला माहीत आहे,
जी गाड्या विकणारे हळू आवाजात सांगतात:
थंड पोळं काही करत नाही.
सकाळचा पहिला धूर जसाच्या तसा निघून जातो
दुधाच्या बाटल्यांवरून, शाळेच्या फाटकावरून.
अंगात तीनशे अंश भिनले
की मग त्याला जाग येते.
माझ्या भाषेत हे एका शब्दात बसतं:
पोळल्याशिवाय पोळं नाही.
तिच्या भाषेत त्याला दोन शब्द लागतात
आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

आज ते दोन्ही नाहीत.
ती तशीच निघते, नागडी नळी घेऊन,
गावभर गर्जत,
काच थोडी खाली, आणि आत येतो तो वास.

वडील वार्टबुर्गच्या कारखान्यात, रंगखात्यात.
अंगणात त्यांची गाडी, पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं,
हिवाळ्यात दहा मिनिटं नुसतीच फुरफुरत उभी.
निळा धूर चढायचा थेट वाळत्या चादरींपर्यंत,
आई दार आपटायची,
आणि लहान रोसविथा मुद्दाम मागच्या चाकाशी बसायची,
नाक पुढे करून.
तिला तो वास आवडायचा.
वडिलांना शेवटी जिने चढवेनात, तेव्हाही आवडायचा.
हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही,
येट्टेला तर नाहीच.

फाटकावरचा पहारेकरी हसतो:
"काय, आज वार्टबुर्गमधून?"
ती हसत नाही. मग हसते.
एप्रन, हातमोजे, चष्मा.
पट्टीवर पट्टी, गिरकी, वेटोळं.

अकराच्या सुमारास एक पोळं खिडकीकडे धरताना
काठाजवळचं एक घर काळं दिसतं.
सुई कपाटात आहे.
ती उठत नाही लगेच.
त्या आंधळ्या घरापाशी नाक नेते,
हुंगते,
पोलाद, थोडं निकेल, आणखी काही नाही,
आणि मग उठते.