सातवी मात्रा

विचारलंस म्हणून सांगतो. नाहीतर
पेटीच्या भात्याला चामडं लावणाऱ्यानं
दुसऱ्याच्या गाण्याची शिवण उसवू नये.

गाणं सात मिनिटं अकरा सेकंदांचं. पांढरी तीन.
फेलिक्सला गिटारची मोकळी तार तिथं सापडते म्हणून;
कस्तुरीला ती पट्टी खाली जाते,
खर्जात तिचा आवाज
ओल्या पोत्यासारखा जमिनीवरून ओढत येतो.
ताल सहा मात्रांचा. हलगी निंगाप्पाची.
बेस गिटार चिकोडीहून आणलेली, उसनी.

दोनच कॉर्ड. तिसरा येणार येणार वाटतं
आणि येत नाही,
निपाणीहून तंबाखूची लॉरी घेऊन गेलेला
गाण्यातला सिदराय जसा
बारा वर्षं.

चार कडवी हेच.
पान, चिमूट, दोरा. पान, चिमूट, दोरा.
कंटाळा येतो म्हणतोस? यायलाच पाहिजे की.
बारा वर्षं चार मिनिटांत
दुसऱ्या कशानं बसवणार होतास?

गंधार ऐक. कोमल आहे, पण पुरता नाही,
ती त्याला जरा वर उचलून धरते,
कडेवरचं पोर सावरल्यागत.
माझ्या पेटीत तो सूर नाही.
दोन पट्ट्या एकदम दाबून बघितल्या,
मांजरं भांडली.

दुसऱ्या कडव्यात एक शिंक आहे. ती माझी.
वखार रिकामी होती, पण जर्दा भिंतीतनं जात नाही.

आता पाचवं. सिदराय येतो, दार वाजवतो,
आणि गिटार, बेस, सगळं एकदम नाहीसं.
तू लिहिलंयस, ‘वाद्यमेळाचा धाडसी त्याग’.
लाईट गेली होती रे.
हेस्कॉमची, बुधवारची, नेहमीची.
रेकॉर्डर तेवढा बॅटरीवर चालू राहिला.

अंधारात कस्तुरीला वही दिसेना.
पाचवं कडवं नवं होतं, मीच लिहून दिलेलं:
दार उघड, दार उघड.
ते तिला आठवलं नाही.
आठवली विडी कारखान्यात शेजारी बसणारी इरव्वा,
जिच्याकडनं तिनं ही चाल उचलली होती.
ती तिच्यासारखं म्हणाली,
बागिला तगी.

बोटांवर मोज.
दार म्हटलं की जीभ र ला टेकते, शब्द लागतो.
‘दार उघड’ सहा मात्रांत बसतं, कडी घातल्यासारखं.
‘बागिला’ म्हणून बघ. तोंड उघडंच राहतं.
‘बागिला तगी’ला आठ लागतात,
तिनं ओढूनताणून सातांत आणलं.

सहा संपल्या की निंगाप्पाचा हात समेवर पडायचा.
पडला नाही.
खूण कुणी केली नव्हती, केली तरी दिसली नसती.
पण त्याच्या घरी बोलतात तीच भाषा होती,
शब्द अजून संपला नाही हे त्याला कळलं
आणि हात वरच राहिला, काळोखात.
गाण्यातली सगळ्यात चांगली जागा ती.
तिथं कुणी काही वाजवत नाही.

लाईट आल्यावर परत घेतलं,
माझ्या शब्दांत, सहा मात्रांत, वाद्यांसकट. स्वच्छ.
मी म्हणालो, हे ठेवा.
माझं कुणी ऐकलं नाही. त्या रात्री जेवलो नाही मी.
आता कुणी विचारलं तर सांगतो, बरं झालं.

तुझ्या निबंधात लाईटचं घालू नकोस वाटलं तर,
‘धाडसी त्याग’ राहू दे, मास्तरांना आवडेल.
इरव्वाचं नाव मात्र घाल. कव्हरवर नाहीये.

तिला गाणं ऐकवायला मीच गेलो होतो.
मांडीवर सूप, हातात कात्री, पूर्ण ऐकलं तिनं.
म्हणाली, चांगलं आहे की.
पण आमच्या गाण्यात दार वाजवणारा गडी नसतोय,
बाहेर बाई असतीय.

मग आत कोण असतं, इरव्वा?

ती पान कापत राहिली.