पाचवं भोक

फोन अजून आलेला नाही.
त्याचं कव्हर आलंय.

मस्जिद बंदरच्या होलसेलवाल्याने शंभर नग बांधून दिले,
म्हणाला, ठेवा मोकलताई, पुढच्या महिन्यात शोधत येतील.
कोपरखैरण्यात, तीन टाकीजवळच्या माझ्या टपरीत
सहा फुटी भिंतीवर
आता शंभर पाठी लटकतायत,
माणूस नसलेल्या.

कॅमेऱ्याला तीन भोकं, फ्लॅशला एक. इतपत ठीक.
पण खाली, डाव्या कडेला,
तुरीच्या दाण्याएवढं पाचवं.
हे कशाला?
होलसेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला,
साच्यात आहे म्हणजे कशाला तरी असेलच ना.

बाजारात तुरी, मी म्हटलं.
बाकड्यावर धनाजी शेडगे बसला होता, माथाडी,
पाळी संपवून आलेला, मानेवर गोणीची धूळ.
तो म्हणाला, तुरी आहेत की बाजारात.
आज दीडशे कट्टे वाहिले.
मग कव्हर हातात घेतलं,
पाचव्या भोकातून ट्यूबलाइटकडे बघितलं
आणि म्हणाला, ताप मोजत असेल.
कपाळाला टेकवला की आकडा.
त्याच्या पोरीला डेंग्यू झाला होता गेल्या आठवड्यात.
हे त्याने नंतर सांगितलं, चहाचे पैसे देताना.

मग रोजचंच झालं.

पार्सल पोचवणारा वाजिद म्हणाला, पंखा.
बारका पंखा असणार आत.
दुपारी घणसोलीच्या रस्त्यावर मॅप लावला
की फोन इस्त्री होतो, ताई.
नर्सिंगला असलेली प्राजू म्हणाली, साखर.
बोट टेकवायचं, सुई नको.
तिची आई लगेच, नको गं बाई,
मग तुझे पप्पा दिवसभर मोजतच बसतील.
वाघचौरे सरांना विचारावंच लागलं नाही.
हेडफोनचं भोक परत येतंय, मी म्हणालोच होतो.
त्यांनी जुनी वायर जपलीय,
गुंडाळून, रबर लावून, औषधांच्या डब्यात.
आणि विहंग, इयत्ता चौथी:
वास येणार! व्हिडिओत वडा तळला की वास येणार!
सगळे हसले.
हसून झाल्यावर दोघा-तिघांनी कव्हर नाकाशी नेलं.
रबराचा वास. गोदामाचा.

महापेच्या कंपनीतला एकजण,
गळ्यातला पट्टा न काढता सांगून गेला,
माइक आहे तो. दुसरा माइक. आजूबाजूचा गोंगाट कापायला.
कुणाला आवडलं नाही.
खरं असेल. पण बाकड्यावर थोडा वेळ
कुणी काही बोललं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
मी माझा फोन त्यात घालून बघितला.
बसत नाही, डुगडुगतो.
ते भोक येतं तिथे माझ्या फोनला काहीच नाही,
नुसता उडालेला रंग.
तरी हातात धरला
की करंगळी आपसूक तिथेच जाऊन थांबते.
मी दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा नाही केलं.

काल सरिता कांबळी आली.
पाम बीचच्या टॉवरात चार घरची कामं करते.
म्हणाली, हे एक द्या.
मी म्हटलं, अगं, फोन कुठाय तुझ्याकडे हा?
तो तर कुणाकडेच नाही, ती म्हणाली.
तेही खरं.
हप्त्यावर मिळाला तर बघू. न मिळाला तर
कामावरच्या वहिनी त्यांचा जुना देणारेत,
त्याला होईल ओढूनताणून.
ऐंशी रुपये सुटे मोजून दिले.

मग पिशवीतून काळा नाडा काढला,
दात लावून टोक बारीक केलं,
पाचव्यातून आत, कॅमेऱ्याच्या भोकातून बाहेर,
गाठ मारली.
ड्रेसला खिसा नसतो ना, म्हणाली,
कुणीतरी विचार केलाय बघा.

रिकामं कव्हर गळ्यात घालून
ती रिक्षा स्टँडकडे निघून गेली.

नव्व्याण्णव राहिलीत.
मी वाजिदला सांगितलं, नाडे कुठे मिळतात बघ,
डझनाच्या भावात.