तीनशे भागिले नऊ

सावद्याच्या पतसंस्थेचा लिलाव झाला तेव्हा
टेबलं कुणी नेली, पंखे कुणी नेले,
तिजोरी रिकामी होती, तरी उचलायला आठ माणसं लागली.
मला दोनशे रुपयांत कॉम्प्युटर मिळाला,
ज्याच्यासमोर मी अकरा वर्षं बसलो होतो.
एंटरच्या बटणावरचं अक्षर माझ्याच बोटानं पुसलेलं.

चार वर्षं तो कांद्याच्या पोत्यांमागे पडून होता.

केसरबाई ढाके दर गुरुवारी यायच्या.
पिशवीत ठेव-पावती.
पायरीवर बसायच्या, पाणी प्यायच्या, न बोलता निघून जायच्या.
एका गुरुवारी पिशवीतून रेकॉर्ड निघाली.
“पैसे तं गेले भो. आता हे तं वाजाड.”

कव्हरवर बँड पार्टी, लाल कोट, बटणं चमकतायत.
मागच्या रांगेत सहावे त्यांचे मालक,
तोंड कुणाच्या तरी भोंग्याआड,
क्लॅरनेटचं फक्त टोक दिसतं.

मी स्क्रू खोलले.
फ्लॉपी ड्राइव्हची मोटर, चपटी, बिबडीच्या तुकड्याएवढी.
मिनिटाला तीनशे फेरे, एक कमी नाही, एक जास्त नाही.
रोज संध्याकाळी सहाला हिच्याच तोंडात
मी अख्ख्या गावाची ठेव भरवायचो,
मग ती फ्लॉपी खिशात घालून सायकलवर घरी,
केळीच्या ट्रकांच्या रांगेतून, जपून.
चेअरमनच्या मेहुण्याचं कर्जही हिनंच लिहून घेतलं,
करकर करत.
मोटरला काय कळतं.
माझ्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

तीनशे भागिले नऊ:
तेहतीस, आणि वर एक तृतीयांश.
हिशेब इतका चोख बसला
की मी घाबरून पुन्हा केला.

भुसावळला, लोको शेडमधून रिटायर झालेल्या
सुभान तडवींनी लेथवर पुली काढून दिली, तीस मिलिमीटर,
आणि दोनशे सत्तरचं ताट, भंगार ॲल्युमिनियमचं.
“दोऱ्याची जाडी धरली का?” एवढंच विचारलं.
नव्हती धरली. त्यांनी धरली.
मजुरी घेतली नाही.
त्यांचीही पावती होती, बावीस हजारांची.
ते बोलले नाहीत. मला आकडा पाठ होता.

ताट हार्डडिस्कच्या बेअरिंगवर बसलं.
दोरा गोधडी शिवायचा, मेण लावलेला.
सुईचा हात जळगावच्या जुन्या बाजारातला,
आवाज कॉम्प्युटरच्याच दोन पिवळ्या पडलेल्या स्पीकरांतून.
कागदावर एकशे ऐंशी रेघा आखून ताटाला चिकटवल्या:
वेग बरोबर असेल तर चोकवाल्या ट्यूबखाली
फिरत्या रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.
राहिल्या.
मधूनच मुंगीच्या चालीनं सरकायच्या,
तेव्हा चूक माझी की दीपनगरच्या विजेची,
कळायला मार्ग नव्हता.

केसरबाई पायरी ओलांडून पहिल्यांदा आत आल्या.
सुई टेकली.
ढोल, झांज, वरातीचा सगळा गोंधळ,
दोऱ्याची गाठ पुलीवरून जाताना बारीकशी उचकी,
आणि मग क्लॅरनेट, एकटं, दोन-तीन श्वासांपुरतं.
त्यांनी मान हलवली.
“हा तं तो नाही. तो असा रेंगायत नव्हता.”

मी रेघा दाखवल्या. बघा, उभ्या आहेत.

“रेघा तं तुया पासबुकातबी सरख्या होत्या.”

ट्यूब तेवढी गुणगुणत राहिली.
मी पुलीवर काळ्या टेपचा एक वेढा दिला.
रेघा पुढे चालायला लागल्या.
“अजून.”
दुसरा वेढा.
रेघा आता सरळ पळत होत्या,
माझ्या सगळ्या गणितासकट.
क्लॅरनेट परत आलं, जरा घाईत,
जेवणाची पंगत बसायच्या आत
वाजवून मोकळं व्हायचं असल्यासारखं.
केसरबाईंनी पदर नीट केला.
“हं. आता आला.”

टेप मी काढलेली नाही.
त्या अजूनही गुरुवारी येतात,
पावतीही आणतात, ती काही विसरत नाहीत.
बाकीचे दिवस मी एकटाच लावतो,
ट्यूब बंद करून.