डावा कोपरा

दुकानदारानं विचारलं, कोपरा डावा पाहिजे की उजवा?
मी म्हटलं, डावा.
तर म्हणे, बसल्यावर डावा,
की उभं राहून पाहिल्यावर डावा?

हे काही मी घरून ठरवून आले नव्हते.
लाइट बिलाच्या मागे खोली काढून आणली होती,
दार, दोन खिडक्या, कूलरचं भोक, टीव्हीचा खिळा.
माप घेतलं साडीच्या फॉलच्या पट्टीनं,
भिंत संपली तिथं गाठ.
बारा फूट आणि चार बोटं.

मोर्शीच्या त्या दुकानात पंख्याखाली
प्लास्टिक न काढलेल्या मेंदी रंगावर मी बसून पाहिलं.
चर्र वाजलं.
मग उठून पाहिलं. मग पाठ करून.
हे बाहेर, गाडीला टेकून, फोनवर संत्र्याचा भाव ऐकत.
"तुले जे वाटते ते घे."
भिशीचे पैसे माझे, म्हणून मतही माझंच.
सांगितलं, बसल्यावर डावा.

छोटा हत्ती आला तेव्हा मागे निम्म्या गावाची पोरं.
सोफा दोन तुकड्यांत, तरी दारातून जाईना.
खिडकीचे गज मोजून झाले.
जाळीचं दार बिजागऱ्यांतून काढलं.
ड्रायव्हर म्हणे, माझं काम उंबऱ्यापर्यंत.
एक टोक यांच्या हातात,
दुसरं कोणाच्याच नाही.

समोरच्या ओट्यावरून शालिकभाऊजी पाहत होते.
तीन वर्षं झाली.
सुरू झालं होतं मोटारीच्या वायरवरून,
ती वायर कधीचीच जळून गेली.
मधला रस्ता नऊ फुटांचा, न मोजता ठाऊक आहे मला.
ते आले. दुसरं टोक धरलं.
"उभा कर."
"आडवा येते न."
"उभा कर म्हनलं."
तीन वर्षांतले पहिले शब्द,
तेही सोफ्याबद्दल.

आत मांडल्यावर कळलं, कोपरा उलटा आलाय.
लांब बाजू थेट दारात, येणाऱ्याच्या पोटरीला लागेल अशी,
आणि खिडकीखाली, जिथं मी रेघ ओढली होती, तिथं नुसती फरशी.
बिल उलटं धरून पाहिलं.
मग उजेडासमोर, मागच्या बाजूनं.
तेव्हा कुठं खोली जुळली.
चूक दुकानदाराची की माझी
हे मी अजून कोणाला सांगितलं नाही.

टीव्हीचा खिळा हलवता आला.
कूलर नाही, त्यासाठी भिंत फोडावी लागते.
म्हणून लांब बाजूला गार वारा
आणि आखूड बाजूला त्याचा आवाज.

आधी इथं प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या,
दोन इकडे, दोन तिकडे.
समोर बसलं की डोळ्यांत पाहावं लागतं.
शेजारी बसलं की खांदा लागतो.
कोपऱ्यात तसं नसतं.
एक माणूस टीव्हीकडे पाहतो, एक दाराकडे,
आणि मध्ये कुठंतरी गुडघे जवळ येतात,
वीतभर.
हे माप मी बिलावर लिहिलं नव्हतं.

चहा दिला.
भाऊजी अगदी कडेवर टेकलेले,
एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो तसे,
बशी हनुवटीखाली, नव्या कापडावर सांडू नये म्हणून.
यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.
टीव्ही लागलेलाच नव्हता.
"मांगं सरक न. मोडत नाई तो."
ते मागे सरकले. प्लास्टिक वाजलं.

मग लाइट गेली.
कूलरची पाती हळूहळू मोजता येऊ लागली, आणि थांबली.
एरवी अशा वेळी सगळे ओट्यावर जातात.

प्लास्टिक अजून काढलेलं नाही मी.
बायका म्हणतात, काढ की, तापतं, अंगाला चिकटतं.
हो, चिकटतं.
उठायला वेळ लागतो.