अकरा पिक्सेल

त्यांना हवं होतं एक शहर
जिथं कुणी कधी राहिलंच नाही.
कड्यावर वसलेलं, खाली ढग, मागे दोन चंद्र,
आणि शुक्रवारपर्यंत.

कारेलीबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर
मी कामाला लागले.

डोंगर मिळाला विश्वामित्रीच्या काठी.
काला घोड्याच्या पुलावरून, झूम पार ओढून काढलेली
मगरीची पाठ,
गाळात अर्धी रुतलेली, जानेवारीच्या उन्हात
ढिम्म.
तिचे खवले ताणले, ताणत गेले,
एकेका खवल्याचं पठार झालं,
दोन खवल्यांमधल्या चिखलाची दरी,
दरीत मऊ ब्रशनं थोडं धुकं,
आणि मगर विसरली की ती मगर आहे.

तटबंदीला मांडवीच्या कमानीचा एक कोपरा,
तोही पोपडे निघालेला.
असे पोपडे नव्या भिंतीवर मिळत नाहीत.
मनोरे रिफायनरीचे. धूर पुसला,
ज्योत ठेवली.
कबुतरं पुसण्यात एक रात्र गेली, तारांमध्ये दुसरी.
फोटोत असतं त्यातलं किती नको असतं
हे या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही:
स्कूटर, कोचिंग क्लासचा फलक,
कुणाच्या तरी गॅलरीत वाळणारी साडी.
त्यांच्या जागी मी शेजारचं आकाश ओढून आणते
आणि आकाश काही म्हणत नाही.

चित्राला माप हवं, म्हणून माणूस लागतो.
माणूस नसला तर कडा कितीही उंच असो,
भाकरीच्या तुकड्याएवढा दिसतो.
मग मी शनाभाईंना उचललं,
आमच्या फाटकापाशी इस्त्रीची गाडी लावतात ते.
निखारे फुंकायला वाकलेले, गेल्या एप्रिलमधला फोटो.
कापले, लहान करत करत
अकरा पिक्सेल उंचीचे केले
आणि घाटरस्त्यावर ठेवून दिले.
कडा लगेच भव्य झाला.

गुरुवारी ते कपडे द्यायला वर आले.
म्हटलं, या, दाखवते.
त्यांनी डोळे बारीक केले.
दोन चंद्रांबद्दल काही बोलले नाहीत.
डोंगराकडे बघून म्हणाले, "आ तो मगर छे."
मग, मी कुठे?
मी मोठं करून दाखवलं तसे ते
तपकिरी चौकोन झाले, दहा-पंधरा,
त्यातला एक किंचित लाल. तो निखारा.
त्यावर हसले. मग बराच वेळ गप्प.
मग बोट काचेला न लावता,
"बेन, पडछायो खोटो छे."

खरंच की.
डोंगरावर जानेवारीची सकाळ
आणि यांच्या पायाशी एप्रिलची दुपार,
काळी, आखूड, ताटलीएवढी.
तिघांनी तपासलं होतं, त्यातला एक परदेशात बसलेला.
कुणाला दिसलं नाही.
पण बावीस वर्षं जो माणूस
कडुनिंबाची सावली सरकेल तशी गाडी सरकवत आलाय,
सकाळी फाटकाच्या डाव्या अंगाला, चार वाजता डेरीपाशी,
त्याला कोण फसवणार?

मी सावलीला हात घातला.
लांबवली, पश्चिमेला वळवली,
कड्याच्या काठावरून खाली मोडली.
एवढ्याशा माणसाची केवढी सावली!
मागे उभे राहून ते सांगत होते:
अजून. अजून. बस.

शॉट पास झाला. पडद्यावर सव्वादोन सेकंद,
त्यातला एक धुक्यात.
तिथं कुणी कधी राहिलं नाही
असंच त्यांना अजून वाटतं.

पैसे जमा झाले त्या दिवशी मी खाली उतरले.
विचारलं, शनाभाई, तुमचे किती?
बोटांवर मोजून म्हणाले,
आठ शर्ट, दोन साड्या, चादर वेगळी.
आणि गाडी हातभर पुढे ढकलली.